पंखाला फक्त हवा कळते : विमान उडवायला शिकताना नेमकं काय शिकायचं असतं

पायलट व्हायचं म्हणून भेटायला आलेल्या मुलांना मी फीबद्दल बोलायच्या आधी एक प्रश्न विचारतो. तुम्ही हवेत आहात, विमानाचं नाक वर आहे, वेग उतरत चाललाय, विमान थरथरतंय आणि खाली बसायला लागलंय. हातातला योक, म्हणजे विमानाचं हँडल, कुठे न्यायचा? बहुतेक जण दोन्ही हात छातीकडे ओढून दाखवतात. खाली जातंय ना, मग ओढायचं वर!

करायचं असतं नेमकं उलट. योक पुढे सोडायचा, नाक खाली जाऊ द्यायचं. जमीन समोर दिसत असताना हे करणं हाताला आणि मनाला अजिबात पटत नाही. उडायला शिकण्यातला मोठा भाग या न पटणाऱ्या गोष्टी अंगी मुरवण्यात जातो. त्या का करायच्या हे कळलं की त्या मुरतात, नुसती घोकंपट्टी केली तर नेमक्या वेळी हात जुन्याच सवयीवर जातो. म्हणून हा लेख.

पंखावरून हवा नीट चिकटून वाहते तोवर पंख विमान उचलून धरतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यामधल्या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. हा कोन वाढवला की लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, वाढते, पण ठराविक मर्यादेपर्यंतच. शिकाऊ विमानांमध्ये साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे हवा पंखाच्या वरच्या बाजूला धरून राहत नाही. ती सुटते, भोवरे होतात आणि लिफ्ट एकदम घसरते. हाच स्टॉल. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. आणि पंख स्टॉल झालेला असताना योक आणखी ओढला तर कोन आणखी वाढतो, म्हणजे आजार वाढवणारंच औषध दिल्यासारखं होतं. नाक खाली केलं की कोन कमी होतो, हवा परत पंखाला चिकटते आणि पंख पुन्हा काम करायला लागतो. मग पंख सरळ करायचे, पूर्ण पॉवर द्यायची आणि सावकाश वर यायचं.

सेसना १५२ किंवा १७२ या छोट्या शिकाऊ विमानांमध्ये हे शिकवताना प्रशिक्षक आधी भरपूर उंची घेतो, पॉवर कमी करायला लावतो आणि नाक हळूहळू वर धरून ठेवायला सांगतो. आधी वाऱ्याचा आवाज कमी होतो. मग योक सैल, पोकळ वाटायला लागतो, हलवला तरी विमान आळसावल्यासारखं उशिरा ऐकतं. डाव्या पंखाच्या कडेच्या छिद्रातून स्टॉल हॉर्नचा किरकिरा सूर सुरू होतो. मग सगळं विमान थरथरतं आणि नाक आपोआप गळतं. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. पण ही सगळी लक्षणं विमानाची भाषा आहे. ती काटे न बघता ओळखता आली पाहिजे, कारण पुढे ज्या वेळी स्टॉल जवळ येईल त्या वेळी तुमची नजर बाहेर, धावपट्टीवर असेल.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती पुस्तकात असूनही निसटते. स्टॉल हा वेगाचा नसतो, कोनाचा असतो. ‘हे विमान ४५ नॉटला स्टॉल होतं’ हे वाक्य फक्त सरळ, समतल उड्डाणात खरं. (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, साधारण १.८५ किलोमीटर.) वळणात विमान कलतं, लिफ्टही कलते आणि तिचा काही हिस्सा विमानाला वळवण्यात खर्च होतो. उंची टिकवायची तर एकूण लिफ्ट वाढवावी लागते, म्हणजे कोन वाढवावा लागतो. ४५ अंश कललेल्या समतल वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंशांना ४१ टक्के. म्हणजे ४५ नॉटचं विमान ६० अंशांच्या वळणात ६३ नॉटलाच हात टेकतं. आणि उतरायला येताना बरीच शिकाऊ विमानं साठ-पासष्ट नॉटच्या आसपास असतात.

हा हिशेब उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर मांडून बघूया. कोल्हापूरच्या धावपट्टीची दोन टोकं ०७ आणि २५. आकडे होकायंत्राचे, शेवटचं शून्य गाळून लिहिलेले. ०७ म्हणजे साधारण ७० अंश, पूर्वेकडे तोंड. २५ म्हणजे २५० अंश, पश्चिमेकडे. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि चढतं, म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की २५. समजा तुम्ही २५ ला डावा सर्किट करताय. सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीचा चौकोनी फेरा. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट्या दिशेच्या बाजूला, तुम्ही धावपट्टीच्या दक्षिणेला, गोकुळ शिरगावच्या अंगाने पूर्वेकडे जाता, मग डावीकडे बेसला, म्हणजे आडव्या बाजूला वळता, मग पुन्हा डावीकडे फायनलला, धावपट्टीच्या सरळ रेषेत. त्या दिवशी वाऱ्यात दक्षिणेचा अंश आहे. बेसवर तो पाठीमागून ढकलतो आणि लक्षात येईपर्यंत धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. उंची उरलेली असते सुमारे ५०० फूट. रेषेवर परत यायची घाई होते. जास्त कलायची भीती वाटते म्हणून पाय डाव्या रडरवर, म्हणजे नाक डावीकडे फिरवणाऱ्या पेडलवर जातो, नाक जबरदस्तीने धावपट्टीकडे ओढलं जातं. नाक खाली झुकतं म्हणून हात योक ओढतो. विमान मंद, कललेलं, रडरमुळे तिरकं आणि पंख मर्यादेवर. या स्थितीत एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेतं. ५०० फुटांवरून गिरकीतून बाहेर यायला जागा नसते.

जगभरात शिकाऊ आणि हौशी वैमानिक ज्या जागी जीव गमावत आलेत त्यातली ही एक. आणि यावरचा उपाय कौशल्याचा नाही, निर्णयाचा आहे. रेषा चुकली तर चुकू द्या. पॉवर द्या, सरळ वर जा, पुन्हा फेरा मारा. याला गो-अराउंड म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मुलांना मी सांगतो की प्रशिक्षकाने न सांगता स्वतःहून घेतलेला पहिला गो-अराउंड हा पहिल्या चांगल्या लँडिंगइतकाच मोलाचा आहे.

पंखाला फक्त हवा कळते. जमीन कळत नाही, धावपट्टी कळत नाही, तुम्हाला किती घाई आहे तेही कळत नाही. हे पक्कं बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जुळतात. उदाहरणार्थ आपला मे महिना.

कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. प्रमाण मानलेल्या हवेत या उंचीला तापमान ११ अंश सेल्सिअस धरतात. मेच्या दुपारी ते ३८ असतं. गरम हवा विरळ असते, आणि विरळ हवा पंखाला उंचावरच्या हवेसारखीच वाटते. ढोबळ नियम असा की प्रमाणापेक्षा प्रत्येक जादा अंशाला १२० फूट मिळवायचे. २७ अंश जादा, म्हणजे ३,२४० फूट. त्यात मुळातले २,००० मिळवा. उजळाईवाडीत जमिनीवर उभं असलेलं विमान ५,२०० फुटांवर असल्यासारखं वागणार. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते साधारण ५,४०० फूट. म्हणजे त्या दुपारी तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण करताय. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.

परिणाम तिहेरी होतो. इंजिनाला कमी हवा मिळते म्हणून ताकद घटते. नाकावरच्या पंख्याची (प्रोपेलरची) पातीही तीच विरळ हवा कापतात, त्यांची ओढ कमी होते. आणि काट्यावर नेहमीचाच वेग दिसत असला तरी जमिनीवरचा खरा वेग आठेक टक्क्यांनी जास्त असतो, म्हणून धावपट्टी जास्त खाल्ली जाते. इथली धावपट्टी छोट्या विमानाला पुरून उरते, तो प्रश्न नाही. प्रश्न चढण्याचा आहे. दोन माणसं, भरलेली टाकी आणि मेची दुपार घेऊन निघालेलं छोटं विमान इतकं रेंगाळत चढतं की नवख्याचा हात आपोआप योक ओढायला जातो. पुन्हा तीच चूक. वेग धरून ठेवायचा आणि विमानाला जमेल तेवढं चढू द्यायचं. म्हणूनच प्रशिक्षण केंद्रांत पहाटेच्या उड्डाणांसाठी चढाओढ असते.

उंचीच्या काट्याबद्दल थोडक्यात. अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. त्याला त्या दिवसाचा दाब सांगावा लागतो, त्याला क्यूएनएच म्हणतात. तो बरोबर लावला तर उजळाईवाडीत चाकं जमिनीवर असताना काटा २,००० च्या आसपास दिसतो आणि १,००० फुटांचा सर्किट म्हणजे काट्यावर ३,०००. हेक्टोपास्कल हे दाब मोजायचं एकक, एका हेक्टोपास्कलच्या चुकीला सुमारे ३० फूट. दहाची चूक झाली तर ३०० फूट. वायव्येला जोतिबाचा डोंगर ३,१०० फुटांच्या घरात आहे, तेव्हा ३०० फूट म्हणजे किती ते नकाशावर एकदा बघून ठेवावं.

वाऱ्याचं गणित मात्र सावकाश समजून घ्यावं. पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पैलतीरावरच्या घाटाकडे सरळ तोंड करून पोहलं तर माणूस खाली कुठेतरी लागतो, म्हणून तो प्रवाहाच्या वर तोंड धरून तिरका पोहतो. विमानही तसंच तिरकं उडतं. कोल्हापूरहून बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण ५२ नॉटिकल मैल, दिशा १५८ अंशांच्या आसपास. तुमचा हवेतला वेग ९० नॉट आणि पश्चिमेकडून १५ नॉटचा वारा आहे. नाक १५८ वर धरून निघालात तर अर्ध्या तासात बेळगावच्या सुमारे १४ किलोमीटर पूर्वेला पोहोचाल आणि खाली ओळखीचं काहीच नसेल. नाक नऊ अंश वाऱ्याकडे, म्हणजे १६७ वर ठेवलं तर सरळ सांबऱ्यावर. हा हिशेब जमिनीवर बसून, वर्तुळाकार फ्लाइट कॉम्प्युटर नावाच्या फिरत्या तबकडीवर, पेन्सिलीने करायचा असतो. जीपीएस आहे की, असं मुलं म्हणतात. आहे, आणि वापरायचाही. पण पश्चिमेचा वारा कुठल्या बाजूला ढकलेल हे डोक्यात आधी नसेल तर यंत्राने चुकीचं दाखवलेलं तुम्हाला कळणार कसं?

खाली बघून वाट ओळखणं हे आपल्याकडे तसं सोपं आहे. पुणे-बंगळूर महामार्ग, मिरजेकडे जाणारा रेल्वेमार्ग, रंकाळा, विद्यापीठाशेजारचा राजाराम तलाव, आणि पंचगंगेची वळणं थेट नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत. रस्ते एकमेकांसारखे दिसतात, पाणी तसं दिसत नाही. म्हणून खुणा निवडताना पाण्याच्या निवडाव्यात.

आता इंजिन. घरच्यांना सगळ्यात जास्त भीती याचीच असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडत नाही. पंखावरून हवा वाहतेच आहे, फक्त आता ती वाहती ठेवायला उंची खर्च करायची. छोटं शिकाऊ विमान वारा नसताना १,००० फुटांमागे साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. त्यासाठी ठरलेला एक वेग असतो, सेसना १७२ ला साधारण ६५ नॉट. इंजिन गेल्याबरोबर पहिलं काम तो वेग धरणं, म्हणजे पुन्हा नाक खाली. दुसरं काम जागा निवडणं. तिसरं, वेळ असेल तर, इंजिन परत चालू होतंय का बघणं. रेडिओवर मेडे ही संकटाची हाक त्याच्याही नंतर. आधी विमान उडवा, मग कुठे जायचं ते ठरवा, मग बोला, हा क्रम जगभर एकच आहे. उड्डाण घेताच इंजिन गेलं तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह टाळायचा आणि समोरच्या छोट्या कोनात जी बरी जागा असेल तिथे उतरायचं. मागे वळणं म्हणजे कमी उंची, कमी वेग आणि खडं वळण, आणि त्याचा हिशेब वर आलाच आहे.

जागा निवडताना आपल्या भागात एक सापळा आहे. वरून ऊस फार छान दिसतो, हिरवा, सपाट, मऊ. पण तो आठ-दहा फूट उंच आणि दाट कांड्यांचा असतो. चाकं त्यात अडकली की विमान उलटतं. दिवाळीनंतर तोड सुरू झाली की मोकळी झालेली रानं दिसायला लागतात. ती बरी, पण सरीच्या दिशेने उतरायचं, सरीला आडवं नाही. नदीकाठची मळी लांबलचक असते पण पावसाळ्यात चिखल. बांध वरून दिसत नाहीत, विजेच्या तारा तर नाहीतच, म्हणून तारा शोधायच्या नाहीत, खांब शोधायचे. वारा कुठून आहे हे कळायला आपल्याकडे हंगामात सोय मोठी : गुऱ्हाळाचा धूर, पेटवलेल्या पाचटाचा धूर, साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर. कोल्हापूरच्या मुलाने हे बघायची सवय गाडीवरून जातानाच लावून घ्यावी : इथे उतरायची वेळ आली तर कुठे?

इंजिनाच्या बाबतीत कोल्हापूरच्या पावसाळ्याचा एक चमत्कारिक गुण सांगायलाच हवा. बाहेर २४ अंश तापमान असताना कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतात त्या भागात, बर्फ होऊ शकतो. तिथल्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान एकदम वीस अंशांहून जास्त उतरू शकतं. हवेत दमटपणा भरपूर असला की त्याचा बर्फ गळ्याला चिकटतो. विशेषतः पॉवर कमी करून उतरताना. पहिली खूण म्हणजे काही न करता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) घसरणं. उपाय कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ. पण ती ओढली की आधी इंजिन आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं, आणि नवखा घाबरून ती बंद करतो. बंद करू नका, थांबा. थोड्या वेळाने आरपीएम वर येतो.

यातल्या काही गोष्टी उड्डाणाआधीच पकडता येतात. सकाळी टाकीच्या तळाचं पेट्रोल एका पारदर्शक नळीत काढून बघतात. एव्हिएशन पेट्रोल १०० एलएल निळसर असतं. पाणी जड, ते तळाशी थेंबासारखं बसलेलं दिसतं. पण नळीत सगळं पाणीच आलं असेल तर थेंब दिसणारच नाही, सगळं एकसारखं स्वच्छ दिसेल. म्हणून नळी विमानाच्या पांढऱ्या रंगासमोर धरायची आणि निळी झाक आहे का ते बघायचं, वासही घ्यायचा. पंखाखालची पिटो ट्यूब, जिच्यावर वेगाचा काटा चालतो, तिचं तोंड बोटाने नाही तर डोळ्यांनी तपासायचं. आपल्याकडच्या कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला ते छिद्र फार आवडतं. ही पाहणी दहा-पंधरा मिनिटांची असते आणि शिकाऊ मुलाला तीच कंटाळवाणी वाटते.

हवामानाच्या पेपरात मुलं ढगांची नावं पाठ करतात. मला त्यापेक्षा एप्रिल-मेमधल्या वळवाकडे नीट बघितलेलं आवडेल. दुपारी तीन-चारला ढग उभे चढतात, माथा पसरतो, मग थंड वाऱ्याचा लोट येतो, धूळ उडते आणि नंतर पाऊस. तो थंड लोट म्हणजे ढगातून जमिनीवर आदळून बाजूला पसरलेली हवा. उतरणाऱ्या विमानाला त्यात आधी समोरून वारा मिळतो, वेग वाढल्यासारखा वाटतो, पायलट पॉवर कमी करतो. मग हवा खाली दाबते. मग वारा पाठीमागून येतो आणि पंखावरचा वेग एकदम जातो. अशा ढगापासून निदान २० नॉटिकल मैल लांब राहावं असं शिकवतात. लांब राहणं म्हणजे उड्डाण रद्द करणं, किंवा दुसरीकडे उतरून चहा पीत बसणं.

आणि ढगात चुकून शिरलात तर? बाहेर काही दिसत नसताना कानातला तोल खोटं सांगतो. हळूहळू कललेलं विमान सरळ वाटतं आणि सरळ केलेलं विमान कललेलं वाटतं. यासाठी शिकाऊ पायलटला एक साधी गोष्ट घोटून शिकवतात. काट्यांवर नजर, सेकंदाला तीन अंश या गतीने वळण, एक मिनिट. एका मिनिटात विमान १८० अंश फिरतं आणि जिकडून आलात तिकडे तोंड होतं.

रेडिओची भीती पहिल्या दहा-बारा तासांत जाते, त्यावर फार लिहीत नाही. घरी मोठ्याने बोलून सराव करा आणि टॉवरने दिलेली सूचना शब्दशः परत म्हणायची सवय लावा. इंग्रजी फर्डं असण्याची गरज नाही, स्पष्ट आणि थोडक्यात बोलता यायला हवं.

कागदपत्रांचं असं आहे. दहावी झाल्यावर, वय १६ पूर्ण असलं की स्टुडंट पायलट लायसन्स मिळू शकतं. खासगी परवान्याला वय १७ आणि ४० तास, व्यावसायिकला वय १८ आणि २०० तास. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित मागतात. वाणिज्य किंवा कला शाखेच्या मुलांनी हे दोन विषय मुक्त विद्यालयातून वेगळे दिलेले आहेत, ते चालतं. नियम बदलत राहतात म्हणून डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षांत ७० टक्के लागतात. हा अभ्यास कोल्हापुरात घरी बसून करता येतो, आणि तो करूनच उडायला जावं, कारण तिथे प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात.

पालकांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. फी भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, शक्यतो व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या क्लास वनपर्यंत. चष्मा असला म्हणून सहसा अडत नाही, पण रंगदृष्टीचा दोष असेल तर तो आधी कळलेला बरा. घर-जमीन तारण ठेवल्यावर तो कळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट प्रशिक्षण केंद्राची. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी उड्डाण प्रशिक्षण चालतं. माहितीपत्रकात किती विमानं आहेत हे लिहिलेलं असतं. त्यांतली किती आज उडण्याच्या स्थितीत आहेत, किती प्रशिक्षक आहेत आणि मागच्या तुकडीतल्या मुलांचे महिन्याला सरासरी किती तास भरले, हे विचारा. शक्य असेल तर त्यातल्या एखाद्या मुलाच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, बघू द्या म्हणा. आणि एक दिवस पहाटेच तिथे जाऊन बसा, किती विमानं खरोखर हँगरबाहेर निघतात ते स्वतः मोजा.